धाब्यावर उगवलेली ज्वारी

रविवार, वैशाख महिना, १९७६. ठिकाण: वाशीमच्या जुन्या पेठेतल्या मुलींच्या वसतिगृहाचं धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत. ऊन चढायच्या आतली वेळ.

हजर: मी, वसतिगृहाची अधीक्षिका. मिस्त्री. मेडशीच्या पलीकडच्या एका वस्तीवरून आलेले पालक, त्यांची बायको आणि नववी पास झालेली त्यांची मुलगी. पेठेतच राहणाऱ्या आमच्या दोन जुन्या विद्यार्थिनी.

गैरहजर: घरमालक शेठजी. त्यांना शिडीची भीती वाटते.

बोलावलेली नसताना हजर: ज्वारी.

शेवटची नोंद मी गंमत म्हणून केलेली नाही. आदल्या आठवड्यात आम्ही चोपून चोपून तयार केलेल्या धाब्यावर बोटभर उंचीची पोपटी ज्वारी उगवून आली होती. मध्येमध्ये तुरीची जोडपानंही होती. आणि मंगळवारी नगरपालिकेचे ओव्हरसियर इमारत पाहायला येणार होते. त्यांनी ‘राहण्यास योग्य’ लिहिलं तर वसतिगृह राहणार होतं. ‘धोकादायक’ लिहिलं तर शेठजी इमारत उतरवणार होते आणि जूनमध्ये मुलींना मी कुठे ठेवणार होते, हे मलाच ठाऊक नव्हतं.

इमारत जुन्या कापसाच्या व्यापाऱ्याची. खाली गाठी ठेवायची लांब खोली, वर मुनीम बसत ती माडी, दोहोंच्या वर धाबं. सागवानी खांब, हातभर जाड भिंती, लहान खिडक्या. राजवाडा नव्हे की देऊळ नव्हे, त्यामुळे हिच्याकडे कुणा सरकारी खात्याचं लक्ष जाण्याचं कारण नव्हतं. अशा इमारती आमच्या पेठेत ओळीनं उभ्या होत्या आणि त्या वर्षांत एकेक करून पडत होत्या. पडल्या की तिथे स्लॅबची दुकानं. स्लॅबखाली बसलेला दुकानदार मे महिन्यात दर तासाला शर्ट ओला करून घालायचा आणि आमच्याकडे गार पाणी प्यायला यायचा. तरी स्लॅबचं कौतुक त्याच्या तोंडून कमी होत नसे.

आमच्याकडच्या मुली बहुतेक बौद्ध घरांतल्या, काही इतर समाजांच्या. मेडशी, मालेगाव, शेलूबाजार या बाजूंच्या लहान गावांतल्या. तिथे शाळा सातवीपर्यंत. छप्पन सालानंतर आमच्या घरांतून शिक्षणाचं असं वारं शिरलं की ज्या बापाला सही येत नव्हती तो मुलीचा गणिताचा पेपर हातात धरून उभा राही. पण मुलीला शहरात ठेवायचं तर जागा कोण देणार? मी पेठेत दारोदार फिरले होते. जागा दाखवायचे, चहा द्यायचे, आणि मुली कोणत्या घरांतल्या हे कळलं की त्यांच्या पाहुण्यांना नेमकी तीच जागा लागायची. ‘मुली शिकतात ना? मग झालं,’ असं म्हणून किल्ली हातात देणारे शेठजी एकटे. म्हणून ही इमारत गेली की दुसरी मिळेल, अशी खोटी आशा मी धरली नव्हती.

शेठजी माणूस चांगला, पण घाबरट. मागच्या पावसाळ्यात माडीवर दोन ठिकाणी गळायला लागलं. त्यांनी मला दुकानात बोलावून घेतलं.

“बाई, उद्या ते धाबं पोरींच्या अंगावर आलं तर मी तोंड कुठे लपवू? उतरवून टाकतो. स्लॅब टाकतो.”

“स्लॅब टाकल्यावर आम्हाला जागा द्याल?”

शेठजी कापडाचा गज उगाच पुसत बसले. खाली दुकानं काढली तरच स्लॅब परवडणार होता, हे त्यांना सांगवेना आणि मला विचारवेना. शेवटी आम्ही ठरवलं. दुरुस्ती आम्ही करायची. पावसाआधी ओव्हरसियरनं इमारत पाहायची. तो म्हणेल ते दोघांनी मान्य करायचं.

कामाची यादी मी त्याच रात्री केली. पहिलं काम: मिस्त्री शोधणे.

मिस्त्री मिळाले ते आमच्याच पेठेतले. काम चांगलं, बोलणं त्याहून मोठं. धाब्यावर चढून त्यांनी टाच आपटली आणि निदान केलं, “वजन, बाई. निस्तं वजन हाय.”

आमच्याकडे धाबं गळलं की लोक वर नवी माती टाकतात. जुनी कुणी काढत नाही. बापानं टाकलेल्या थरावर मुलगा टाकतो, त्यावर नातू. ओझं वाढतं, तुळया वाकतात, वाकल्या की मध्ये पाणी साचतं, साचलं की गळतं, गळलं की पुन्हा माती. आमच्या धाब्यावर माती माझ्या मांडीपर्यंत चढली होती. टोपल्या भरभरून ती खाली उतरवताना थरांचे रंग दिसत होते, पांढरा, करडा, मध्येच कोळशाचा काळा. कोणत्या वर्षी कोणी वर चूल मांडली होती, कोण जाणे.

माती निम्मी उतरली तेव्हा भर दुपारी माडीतून कडकड असा आवाज आला. आम्ही सगळ्या जणी चपला टाकून रस्त्यावर. शेठजी दुकानातून धावत आले ते गिऱ्हाइकासकट. मिस्त्री मात्र धाब्यावर उभे राहून पोट धरून हसत होते.

“अव, काहून पळता? तुळई हाश्श करून राह्यली! इतक्या वर्षांनी तिच्या पाठीवरचं उतरलं, तिले बोलू तरी द्या.”

खरंच, वाकलेल्या तुळया थोड्या वर आल्या होत्या. एक तुळई भिंतीत घुसलेल्या टोकाशी कुजलेली निघाली. पलीकडच्या गल्लीत पाडलेल्या घराचं सागवान विकायला पडलं होतं, त्यातली बदलून घातली. पाडलेल्या घराचं लाकूड दुसऱ्या जुन्या घरात उभं राहिलं, याचा मला फार आनंद झाला. यादीत मी त्या कामापुढे दोन खुणा केल्या.

आता नवी माती हवी होती, पातळ थराची, पण चांगली. धाब्याला लागते खारी माती. ती मिळते जुन्या गावठाणाच्या पांढरीत, म्हणजे जिथे पिढ्यान् पिढ्या घरं उभी राहिली आणि पडली अशा जागेत. तिच्यात काही उगवत नाही आणि ती भिजली की घट्ट बसते. वाशीमात विकत घ्यायची तर आमची ऐपत नव्हती. मी पालकांना पोस्टकार्डं टाकली: येताना खाऊ आणू नका, एकेक पोतं खारी माती आणा.

पालकांनी मनावर घेतलं. शेलूबाजारकडच्यांनी एका ट्रकवाल्याला गाठून सात-आठ गावांची पोती एकदम पाठवली. मालेगावकडची बैलगाडीनं आली. मेडशीपलीकडचे पालक आले ते एसटीच्या टपावर पोती टाकून. नवऱ्याकडून ऐकून त्यांची बायको मग कितीतरी दिवस कंडक्टरची नक्कल करत असे:

“पोत्यात काय हाय?”

“माती.”

“अबे, वाशीमात मातीचा दुकाळ पडला का?”

मिस्त्री दर पोत्यातली चिमूटभर माती जिभेवर ठेवून पाहायचे. खारट लागली की मान हलवायची, थुंकायचं आणि पोतं उजवीकडे. अळणी लागली की डावीकडे. सोळा आणे खऱ्या मातीची चव सांगताना ते असे डोळे मिटत की पाहणाऱ्याला भूक लागावी. मेडशीकडच्या पोत्याशी आले तेव्हा त्यांनी आत हात घातला आणि विटेसारखं ढेकूळ बाहेर काढलं. दोन्ही हातांनी दाबलं, फुटेना. जोत्यावर आपटलं, तेव्हा कुठे दोन तुकडे झाले.

“ही माती नाई बापा, लोखंड हाय!” मिस्त्री खूश होऊन म्हणाले. “ही सगळ्यायच्या वर. ही टोपी!”

आनंदाच्या भरात ते चाखायचं विसरले.

“कुठची हो ही?” मी विचारलं.

“घरचीच हाय, बाई,” पालक म्हणाले. अंगानं किडकिडीत, बोलण्यात कंजूष. मी ‘घरची’ लिहून मोकळी झाले.

खाली खाऱ्या मातीचा थर, वर ‘टोपी’. लाकडी चोपण्यांनी चोपलं, उताराला चोपलं, काठाला चोपलं. उतार बरोबर आहे ना, असं मी मिस्त्रींना विचारलं तेव्हा त्यांनी एक डोळा मिटून दुसऱ्याकडे बोट केलं. “हा डोळा पाहून घ्या. पाणसळ हाय पाणसळ!” पाणसळ म्हणजे गवंड्यांचं पातळी पाहायचं साधन. मग त्यांनी हुकूम सोडला: चार-पाच दिवस सकाळ-संध्याकाळ कठड्यावरून पाणी मारायचं, वर कुणी पाय ठेवायचा नाही. पाणी मारायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. मी अनुदानाच्या कागदांसाठी अकोल्याला गेले. शनिवारी संध्याकाळी परत आले. रविवारी सकाळी वर चढले.

आता पुन्हा हजेरीपटावर येते.

सगळ्यांत आधी बोलल्या त्या मेडशीकडच्या बाई. धाबं सारवायला हात लावावा म्हणून त्या आदल्या दिवशीच नवऱ्यासोबत आल्या होत्या. शिडीवरून डोकं वर काढलं आणि तिथेच थांबल्या.

“अव माय! आमी तिकडं पाण्याची वाट पाहून राह्यलो, न् बाईनं इथी पेरणी उरकली!”

“गवत हाय ते,” मिस्त्री घाईनं म्हणाले. “होते कधी कधी.”

“गवत? मिस्तरी, तुमी भाकर कायची खाता घरी?” त्यांनी एक रोप उपटून मिस्त्रींच्या नाकासमोर धरलं. “हे ज्वारी. हे तूर. हे पाह्य, करडी बी हाय. सगळं घर बसून जेवते.”

मग त्या नवऱ्याकडे वळल्या. नवरा कठड्याला टेकून दूरवर कुठे तरी पाहत होता.

“काहो, माती कुठची आणली होती तुमी?”

“घरची.”

“घरची कुठची? चुलीतली?”

“खळ्यातली,” पालक पुटपुटले.

“आपल्या खळ्यातली! म्हणूनच म्हटलं, खळ्यात खड्डा कोनं केला. मी त डुकरायले शिव्या दिल्या!”

मुलगी दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होती की रडत होती, कळेना. हळूहळू पालकांकडून सगळं काढून घेतलं. त्यांची वस्ती ओढ्यापलीकडे, शेताला लागून. तिथे काळी माती आणि मुरूम. पांढर आहे ती गावात, आणि गावातल्या पडक्या जागेत कुदळ घालायची तर चार जणांचे चेहरे पाहावे लागले असते. ते त्यांना नको होतं. रिकाम्या हातानं येणंही नको होतं. मग त्यांनी विचार केला.

“खळ्यावर बैलं फिरतात, गाड्या येतात,” ते म्हणाले. “तरी खळं फुटत नाई. म्हटलं धाब्याले याच्याहून पक्की माती कोणती? म्हणून चांगली चांगली पाहून खोदली.”

विचारात एकही पायरी चुकलेली नव्हती. फक्त खळ्यात वर्षानुवर्षं सांडलेलं धान्य मातीत बसलेलं असतं, एवढं राहिलं. आणि ज्याच्या हातात वर्षभर कुदळ-पाभर असते, त्यालाच ही माती सोडून दुसरी पक्की माती सुचणार नाही.

मिस्त्रींना आयता माणूस सापडला. “माझं सगळं काम मातीत घातलं यानं! आता मुळ्या खाली जातीन. उपटलं त भोकं पडतीन. साहेब वर आला की पाहीन न् म्हणीन, हे वसतिगृह हाय का वावर?”

“पोरीचं दहावीचं साल हाय, बाई,” पालक मला म्हणाले. मिस्त्रींकडे त्यांनी पाहिलंही नाही. “मी आज रात्री बसून सगळं काढून टाकतो. पण ते ‘धोकादायक’ लिवू नका देऊ.”

त्यांच्या बायकोला हे सहन झालं नाही. “मिस्तरी, लोखंड हाय म्हणे कोन? टोपी कोनं घातली? न् पाच दिवस पाणी घालून पीक कोनं वाढवलं? आमी त निस्तं बी देल्लं, शेती त तुमी केली!”

यावर मिस्त्री स्वतःच हसले, आणि मग सगळेच. बाईंनी पदर खोचला, उकिडव्या बसल्या आणि निंदायला हात घातला.

“थांबा,” मी म्हणाले.

मला एक गोष्ट खटकत होती. टोपीची माती आम्ही सगळ्या धाब्यावर सारखी पसरली होती. पाणीही सगळीकडे मारलं होतं. मग ज्वारी सगळीकडे का नव्हती? पूर्वेच्या काठाला एक लांबट पट्टा, मध्ये एक भाकरीसारखा गोल, पश्चिमेच्या कोपऱ्यात एक मोठी दाट जागा. बाकी धाबं कोरडं, गुळगुळीत.

मी तसं विचारलं. पालक पुढे झाले, मधल्या गोलाशी बसले, बोटानं माती दाबली.

“इथी पाणी थांबते, बाई. चढावरचं पाणी ऊन पिऊन घेते, तथी काय उगवते? जथी थांबलं तथी उगवलं.”

सगळ्यांच्या माना एकदम मिस्त्रींकडे वळल्या. मिस्त्रींचा तो पाणसळ डोळा जरा मिचकावला.

“मिस्तरी,” बाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, “दुसऱ्या डोळ्यानं पाह्यलं असतं त?”

पहिल्याच पावसात याच तीन जागी पाणी साचलं असतं आणि याच तीन जागी माडीत गळलं असतं. तेही मुली आत झोपलेल्या असताना. आणि मंगळवारी ओव्हरसियरनं दोन बादल्या ओतल्या असत्या तरी ते दिसलं असतं. ज्वारीनं दोन दिवस आधी सांगून टाकलं. मी खाली जाऊन चुन्याचं डबडं आणलं आणि मुलींना हिरव्या जागांभोवती रेघा ओढायला लावल्या. एकही रोप उपटायच्या आधी. नाही तर उपटल्यावर जागा कुठे होती यावर मिस्त्रींशी संध्याकाळपर्यंत वाद झाला असता.

मग त्या दिवशी आणि सोमवारी जे काम झालं, तसं काम मी पुढे कधी पाहिलं नाही. टोपी सगळी खरवडून काढली. जिन्याखाली शेलूबाजारची खारी माती उरली होती, ती भिजवली. मिस्त्रींनी कुणी सांगायच्या आधीच दोरी आणली आणि पाण्यानं अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवून उतार पाहायला लागले. डोळ्याचा विषय पुन्हा निघाला नाही. निदान पुरुषांत तरी. चोपायला गल्लीतल्या बायका आल्या. त्यांतल्या काही पूर्वी आमच्या मुलींना विहिरीवर थांबवून ठेवायच्या, त्याही आल्या. चोपण्यांचा ताल धरला गेला आणि त्यावर जात्यावरच्या ओव्या सुरू झाल्या. एकीनं मिस्त्रींवर ओवी रचली, दुसरीनं खळ्यावर. मेडशीच्या बाईंनी दोन्हींना उत्तर दिलं. मिस्त्री म्हणाले, “म्या इतकी धाबी बांधली, पण माझ्यावर गाणं कोनं केलं नाई,” आणि पुन्हा म्हणायला लावलं.

शेजारणीची शेळी शिडीच्या पायथ्याशी उपटलेल्या ज्वारीवर तोंड टाकायला निघाली, तेव्हा बाई वरूनच ओरडल्या, “हाकला तिले! कोवळी ज्वारी बाधते, मरून जाईन बिचारी.” ती ज्वारी टोपलीत भरून दूर खड्ड्यात पुरली. खळ्याची माती मात्र मी टाकू दिली नाही. मुलींनी ती चाळणीनं चाळली, दाणे चिमण्यांना गेले, आणि चाळलेल्या मातीनं स्वयंपाकघराची जमीन केली. ती अजून फुटलेली नाही. पालकांचं म्हणणं खरंच होतं, फक्त छताबद्दल नव्हे.

मंगळवारी ओव्हरसियर आले. तरुण, रुंद बॉटमची पँट, हातात टेप. सोबत शेठजी. शेठजींनी बरोबर छत्री आणली होती. बाहेर आभाळात ढगाचा तुकडा नव्हता.

“शेठजी, ऊन लागतं का?” मी विचारलं.

“ऊन नाही, बाई. तुम्ही वर पाणी ओतणार, मी खाली बसणार. आपली सोय आपण पाहावी.”

आणि खरोखर, माडीत मधोमध चटईवर ते छत्री उघडून बसले.

ओव्हरसियर धाब्यावर फिरले. पाय आपटून पाहिला, तुळईचं नवं टोक पाहिलं. कठड्याच्या कोपऱ्याशी येऊन थांबले आणि वाकले. आमच्या सगळ्यांच्या नजरेतून सुटलेलं एक रोप तिथे डौलात उभं होतं.

“हे काय?”

पालकच म्हणाले, “ज्वारी हाय, साहेब. एक चुकून राह्यली.”

“बाकीची कुठं गेली?”

मग सांगावंच लागलं. मी थोडक्यात सांगत होते, पण मेडशीच्या बाईंना थोडक्यात चालेना. खळं, डुकरं, लोखंड, टोपी, डोळा, सगळं आलं. ओव्हरसियर आधी गंभीरपणे ऐकत होते, मग टेप बाजूला ठेवून कठड्यावर बसले आणि हसायला लागले.

“माझे वडील बी असंच करतीन,” ते म्हणाले. “चुन्याच्या रेघा कुठं होत्या ते दाखवा.”

रेघा पुसल्या होत्या, पण मुलींना जागा तोंडपाठ होत्या. नेमक्या त्याच तीन जागांवर ओव्हरसियरनं बादल्या ओतायला लावल्या. विहिरीपासून शिडीपर्यंत बायकांची रांग लागली. बादली वर, बादली खाली. पाणी गोलावर पडलं, क्षणभर थांबल्यासारखं वाटलं आणि निघालं. पट्ट्यावरून निघालं. कोपऱ्यातून निघालं. सगळं एकाच दिशेनं पन्हाळीकडे. मी शिडीवरून माडीत वाकून विचारलं, “शेठजी, काही?”

“काही नाही,” छत्रीखालून आवाज आला. “ओता अजून.”

अजून ओतलं. शेठजींनी छत्री मिटली. ते उठून भिंतीला हात लावून पाहू लागले, मग कोपऱ्यात गेले, मग मधोमध टोपी काढून वर तोंड करून उभे राहिले. त्या माणसाला थेंब पडावा असं वाटतच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. स्लॅबच्या गोष्टी त्यांनी फक्त भीतीनं केल्या होत्या.

तेवढ्यात शेजारच्या धाब्यावरून आरडाओरडा झाला. शेजारी शिंपी, त्यांचं धाबं आमच्यापेक्षा खाली. ते कपडे वाळत घालत होते आणि गुडघ्यापर्यंत भिजले होते.

“अव बाई! माझ्या धाब्यावर गंगा कायले सोडली?”

आमची पन्हाळ, म्हणजे पाणी काढून देणारी लाकडी नळी, जुन्या काळापासून त्यांच्या धाब्यावर उघडत होती. इतकी वर्षं आमचं निम्मं पाणी आमच्याच खड्ड्यांत मुरत होतं, म्हणून त्यांना पत्ता नव्हता. आता उतार बरोबर झाला आणि सगळं पाणी त्यांच्या लुगड्या-धोतरांवर.

“पाहा,” मिस्त्री छाती काढून म्हणाले, “उतार असा असते!”

ओव्हरसियरनं तिथेच कठड्यावर कागद ठेवून लिहिलं: इमारत राहण्यास योग्य. खाली एक अट: पावसाआधी पन्हाळ रस्त्याच्या बाजूला काढावी. कागद माझ्या हातात आला तेव्हा मी तो दोनदा वाचला आणि मग मोठ्यानं वाचून दाखवला. मेडशीच्या पालकांनी कागदाकडे पाहिलं नाही. त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि विचारलं, “वह्या कवा घ्याच्या?”

पन्हाळ मिस्त्रींनी त्याच आठवड्यात फिरवली. जूनमध्ये मुली आल्या. मेडशीकडची दहावी झाली, आता अकोल्याला शिकते. शिंप्यांनी आपल्या धाब्यावरचे जुने थर उतरवले, त्यांच्या पलीकडच्या किराणावाल्यानं उतरवले, आणि मग गल्लीतल्या आणखी दोघांनी. कुणी पाडण्याची भाषा काढली की शेठजी म्हणतात, “आधी माती उतरवून पाहा. मग बोला.” मिस्त्री नव्या धाब्यावर शेवटचा थर टाकण्याआधी काळ्या मातीत कालवलेली मूठभर ज्वारी फेकून पाणी मारतात आणि उगवली ती जागा दुरुस्त करतात. ही आपलीच युक्ती, असं ते सगळ्यांना सांगतात. मी हरकत घेत नाही.

आता १९७९ चालू आहे. यंदाच्या यादीत पुढचं काम सर्वांत वर आहे. फिरवलेल्या पन्हाळीचं पाणी आता रस्त्यावर आमच्या दाराशी उंचावरून पडतं. तिथे खड्डा झाला आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर चिखल उडतो. खाली एक मोठा सपाट दगड बसवायला हवा. दगड पाहून ठेवलेला आहे, पाडलेल्या घराच्या जोत्याचा, पेठेच्या टोकाला पडून आहे. उचलायला बैलगाडी लागेल आणि चार माणसं. गाडी असते तेव्हा माणसं वावरात असतात, माणसं मोकळी असतात तेव्हा गाडी बाजाराला गेलेली असते. दगड अजून तिथेच आहे.